प्रस्ताव कपाटात का अडतात? ग्रामीण विदर्भातील संस्थाचालक आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भाच्या ग्रामीण भागातील कला व समाजकार्य महाविद्यालयांचे संस्थाचालक आणि प्राचार्य, तसेच गोंडवाना, नागपूर व अमरावती विद्यापीठांचे संशोधन विभाग

सविनय नमस्कार.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फेरी जवळ आली की समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य या विभागांकडे एकच विचारणा होते: बाहेरून संशोधन निधी किती आणला? तिसऱ्या निकषातला तो रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो आणि दोष प्राध्यापकांच्या माथी येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) लघु संशोधन प्रकल्पाची योजना होती तोवर रकाना कसाबसा भरायचा. ती बंद पडली आणि उणीव उघडी झाली. ग्रामीण विदर्भातून प्रतिष्ठानांकडे, म्हणजे अनुदान देणाऱ्या खाजगी न्यासांकडे, जाणारे प्रस्ताव लिहिणं, तपासणं आणि त्यांचे हिशेब पाहणं हे आमचं काम. त्या आधारावर एवढंच म्हणायचं आहे की दाता शोधणं, प्रश्न मांडणं, प्रस्ताव लिहिणं हे प्राध्यापकाकडे. पण मंजूर झालेला पैसा कायद्याने घेता येईल अशा अवस्थेत संस्था ठेवणं आपल्याकडे. प्रस्ताव बरेचदा या दुसऱ्या ठिकाणी पडतात, आणि त्याची खबर प्राध्यापकाला सगळ्यात शेवटी लागते.

आधी एक घोळ दूर करू. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली आयसीएसएसआर, ही सरकारी परिषद आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था. त्यांचा भर पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीवर. यांची जाहिरात निघते, ठरलेला अर्ज असतो, शेवटची तारीख असते. प्रतिष्ठानाची गोष्ट वेगळी. एखाद्या घराण्याने किंवा उद्योगाने बाजूला ठेवलेला पैसा, त्यावर विश्वस्त मंडळ आणि त्या मंडळाने ठरवलेले दोन-तीन विषय. ‘आमच्या महाविद्यालयाला संशोधनासाठी साहाय्य मिळावे’ असं पत्र तिथे वाचलंच जात नाही. शिवाय नावात प्रतिष्ठान आहे म्हणून ते संशोधनाला पैसा देतंच असंही नाही. काही फक्त पुरस्कार देतात, काही स्वतःच काम राबवतात. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्याचं नाव रोज कानावर येतं ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीतून आलं आणि ते खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी आहे. तिथे संशोधनाचा अर्ज घेऊन चकरा मारू नयेत.

शोध प्रश्नापासून सुरू करावा, नावापासून नाही. प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावरचं ध्येयधोरण वाचून फारसं हाती लागत नाही. गेल्या तीन वर्षांत त्यांनी कोणाला, कशासाठी, किती दिलं ती यादी वाचावी. अमेरिकेतल्या खाजगी प्रतिष्ठानांना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं. ते सगळ्यांना खुलं असतं आणि त्यात प्रत्येक अनुदानाची रक्कम व घेणाऱ्याचं नाव असतं. यादीतली सगळी अनुदानं दोन-तीन लाख डॉलरची असतील, तर आपला सहा लाख रुपयांचा प्रस्ताव तिथे शोभत नाही. भारतात एकही अनुदान दिसलं नाही, तर टपालखर्चही करू नये. देशी कंपन्यांसाठी राष्ट्रीय सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च) पोर्टलवर कंपनी, राज्य, जिल्हा आणि क्षेत्र निवडून खर्च पाहता येतो. कँडिड या अमेरिकी संस्थेची (फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार २०१९ मध्ये एकत्र होऊन ती झाली) दात्यांची सविस्तर शोधसूची सशुल्क आहे. एकेका महाविद्यालयाला ती परवडणार नाही, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एक वर्गणी भरली तर संलग्न महाविद्यालयांची सोय होईल. वीसेक नावं अशी चाळली की चार-पाच उरतात. तेवढी पुरतात.

विदर्भातल्या विषयांना लागू पडतील अशी काही नावं घेतो. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (स्थापना १९९३) कलांवरच्या संशोधनाला अनुदान देतं आणि प्रस्ताव भारतीय भाषांतही घेतं, म्हणजे मराठीतही. वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी रंगभूमी, दंडार, खडीगंमत या लोककलांवर काम करणाऱ्याने आधी इथे पाहावं. आपल्याकडचे लोक इंग्रजीच्या धाकाने हा दरवाजा ठोठावतच नाहीत, याचं नवल वाटतं. बंगळुरूच्याच न्यू इंडिया फाउंडेशनची अधिछात्रवृत्ती स्वतंत्र भारतावरच्या पुस्तकासाठी असते. शिवाय दहा भारतीय भाषांतलं ललितेतर लेखन इंग्रजीत नेण्यासाठी वेगळी वृत्ती आहे, आणि त्या दहांत मराठी आहे. यवतमाळ-वर्ध्याची कोलामी, गडचिरोलीची माडिया, जळगाव जामोद भागातली निहाली (तिचं नातं जगातल्या कोणत्याच भाषाकुळाशी अजून सिद्ध झालेलं नाही) यांच्या नोंदीसाठी एंडेंजर्ड लँग्वेजेस डॉक्युमेंटेशन प्रोग्राम आहे. मात्र तिथे भाषाशास्त्राचं प्रशिक्षण लागतं आणि सगळं ध्वनिमुद्रण त्यांच्या अभिलेखागारात जमा करावं लागतं. गावाने मुद्रणाला होकार दिला म्हणजे ते जगाला ऐकवायलाही दिला, असं गृहीत धरू नये. हे दोन होकार वेगळे घ्यावेत. जुनी दप्तरं, मालगुजारीचे कागद कुजत असतील तर ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम २००४ पासून आहे. त्यात मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, प्रती जातात.

मानवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यासाठी न्यूयॉर्कचं वेनर-ग्रेन फाउंडेशन आहे. प्रबंधाच्या क्षेत्रकार्यासाठी ते २५,००० डॉलरपर्यंत देतं, वर्षातून दोन तारखा असतात, १ मे आणि १ नोव्हेंबर, आणि राष्ट्रीयत्वाची अट नाही. शिक्षणावरच्या संशोधनासाठी शिकागोचं स्पेन्सर फाउंडेशन ५०,००० डॉलरपर्यंतची लहान अनुदानं देतं. प्रस्ताव इंग्रजीत, अंदाजपत्रक डॉलरमध्ये, आणि अर्ज व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावे. हे शेवटचं वाक्य वाचूनच आपली बहुतेक महाविद्यालयं बाद होतात. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी सीएसआर, कारण संस्थाचालकांचा सगळा भरवसा त्यावर असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. कशावर, ते सातव्या अनुसूचीत आहे. तिथे संशोधनाचं कलम आहे खरं, पण ते विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्यासाठी. सामाजिक शास्त्रांचं नाव त्यात नाही. म्हणून ‘समाजशास्त्रीय संशोधनासाठी सीएसआर’ असा अर्ज गेला की कंपनीचा अधिकारी नियमावर बोट ठेवतो, आणि त्याचं चूक नसतं. मार्ग दोन आहेत. शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास अशा एखाद्या चालू कार्यक्रमाचा भाग म्हणून पायाभूत सर्वेक्षण करणं, हा एक. दुसरा अधिक भक्कम: मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी वा अधिक सीएसआरचं बंधन असलेल्या कंपनीला १ कोटी वा त्यावरच्या प्रकल्पांचं, ते पूर्ण होऊन किमान वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावंच लागतं. त्या वर्षीच्या सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांत जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत हा खर्च सीएसआरमध्ये धरता येतो. हे काम आज मुंबई-दिल्लीच्या सल्लागार कंपन्या करतात आणि माहिती गोळा करायला गावातलीच बी.ए. झालेली मुलं रोजंदारीवर घेतात.

या दुसऱ्या मार्गावर दोन खड्डे आहेत. मूल्यमापन हे बहुधा सेवा म्हणून दिलं जातं, अनुदान म्हणून नाही. मग जीएसटी आणि टीडीएसचा प्रश्न उभा राहतो. करारावर ‘अनुदान’ लिहिलंय की ‘सल्लासेवा’, हे सही करण्याआधी सीएंना दाखवावं. दुसरा खड्डा विश्वासाचा. खाणीमुळे उठलेल्या गावांचा अभ्यास त्याच खाण कंपनीच्या पैशाने झाला, तर गावही त्यावर विश्वास ठेवत नाही आणि परीक्षकही. असा पैसा घेऊच नये असं आमचं मत आहे. आपल्याला घ्यायचाच असेल तर निष्कर्ष छापण्याचा हक्क संशोधकाकडे राहील हे वाक्य करारात असलं पाहिजे. कंपनी ते लिहून देत नसेल, तर निकाल आधीच ठरलाय असं समजावं.

सीएसआरची वेळही ध्यानात घ्या. कंपनीच्या समितीचा वार्षिक कृती आराखडा वर्षाच्या आरंभी ठरतो. आपले अर्ज जातात फेब्रुवारीत, ‘मार्चएंडला पैसा उरतो’ या ऐकीव माहितीवर. उरलेला पैसा तेव्हा ज्या संस्थेचे कागद तयार आहेत तिच्याकडे जातो. दोन पानांचं टिपण एप्रिल ते जूनमध्ये पोचलं पाहिजे.

आता कागदांकडे येतो. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल.

कोणतंही प्रतिष्ठान पहिल्यांदा विचारतं ती सार्वजनिक न्यास नोंदणी आणि विश्वस्तांची यादी. धर्मादाय आयुक्तांकडच्या शेड्यूल-एकचा उतारा म्हणजे संस्थेचा सातबारा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. आपल्याकडे काय होतं ते आपण जाणताच: अध्यक्ष वारले, मुलगा किंवा पुतण्या अध्यक्ष झाला, दोन गट पडले, चेंज रिपोर्टवर हरकत आली आणि प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. उताऱ्यावर अजून दिवंगत व्यक्तीचं नाव आणि प्रस्तावावर सही भलत्याचीच. प्रतिष्ठानाचा माणूस हे दोन कागद शेजारी ठेवतो आणि फाइल मिटतो. तो कारण कळवत नाही. ‘यंदा शक्य झालं नाही’ असा दोन ओळींचा ईमेल येतो. प्राध्यापकाला वाटतं, आपला प्रस्तावच कच्चा होता. वाद मिटेपर्यंत काही करता येत नसेल, तर निदान तसं त्याला आधी सांगा, म्हणजे तो दुसऱ्या संस्थेच्या नावे अर्ज करील.

त्यानंतर आयकर सवलतीची नोंदणी, ज्याला सगळे १२ए आणि ८०जी म्हणतात. पूर्वी ती एकदा मिळाली की कायमची असायची. २०२० च्या वित्त कायद्यापासून तिला मुदत आली आणि जुन्या संस्थांनाही नव्याने अर्ज करावा लागला. कित्येक संस्थांच्या भिंतीवर जुनं प्रमाणपत्र चौकटीत टांगलेलं असतं, पण ते आता चालत नाही. सीएसआरसाठी याशिवाय सीएसआर-१ हा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरून क्रमांक घ्यावा लागतो (१ एप्रिल २०२१ पासून), आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक फुकट मिळतो, पण त्यासाठी विश्वस्तांचे पॅन लागतात आणि ते गोळा करता करता महिना जातो. शेवटी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. इथे एक नेहमीची अडचण अशी की महाविद्यालयाचा हिशेब वेगळा आणि संस्थेचा एकत्रित हिशेब वेगळा. प्रतिष्ठानाला संस्थेचा लागतो आणि प्राचार्यांकडे महाविद्यालयाचा असतो.

परदेशी पैशाचं सूत्र वेगळं. परकीय योगदान (विनियमन) कायदा २०१०, म्हणजे एफसीआरए, याखाली नोंदणी असल्याशिवाय संस्थेने परदेशातून एक रुपयाही घेऊ नये. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चालू असली पाहिजे आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले दिसले पाहिजेत. नोंदणी पाच वर्षांची. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि मुख्य म्हणजे एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही. या शेवटच्या कलमाने जुनी रीत मोडली. ‘नागपूरच्या अमुक संस्थेकडे एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यात येऊ द्या, ते आपल्याला वळते करतील’, हे आता बेकायदा आहे, मग दुसऱ्या संस्थेचीही नोंदणी असो वा नसो. त्यातून कायदेशीर वाट एवढीच उरते की नोंदणी असलेल्या संस्थेने अनुदान घ्यावं, तिनेच सर्वेक्षकांचं मानधन, प्रवास, लिप्यंतर (ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून लिहून काढणं) यांचे पैसे थेट द्यावेत आणि महाविद्यालय शैक्षणिक भागीदार म्हणून सामंजस्य करारात राहावं. नॅकच्या रकान्यात ही रक्कम आपल्या नावावर येईल का, हा प्रश्न संस्थाचालक लगेच विचारतात. पैसा आपल्या खात्यात आलाच नसेल तर दाखवू नये.

ज्यांची नोंदणी नाही त्यांना ठराविक दात्याकडून ठराविक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते, अर्ज एफसी-३बी. दात्याचं वचनपत्र जोडावं लागतं, म्हणजे आधी मंजुरी, मग परवानगी, मग पैसा. तोवर दाता थांबेल का, हे त्याला अर्जाच्या वेळीच विचारावं. व्यक्तीच्या नावे येणाऱ्या वृत्तीबाबत, विशेषतः अनुदानित महाविद्यालयात नोकरी असेल तर, सीएंचं लेखी मत घेतल्याशिवाय खातं क्रमांक कळवू नये.

कागदांच्या या जंजाळामुळेच मध्यस्थ फोफावले आहेत. ‘दहा टक्के द्या, सीएसआर आणून देतो’ म्हणणारे तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात. नावाजलेलं प्रतिष्ठान अर्जासाठी शुल्क घेत नाही आणि मंजुरीआधी ‘प्रोसेसिंग’ मागत नाही. मागणारा आला की चहा पाजून वाटेला लावावा.

प्रस्तावाबद्दल प्राध्यापकांशी आम्ही वेगळं बोलूच, पण प्राचार्यांच्या सहीखाली जातो म्हणून आपणही काही गोष्टी पाहाव्यात. शीर्षक ‘विदर्भातील शेतकरी आत्महत्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास’ असं असेल तर परत पाठवा. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज सहा जिल्ह्यांना जाहीर झालं तेव्हापासून यवतमाळच्या गावांनी इतक्या प्रश्नावल्या भरल्या आहेत की लोक उत्तरं पाठ म्हणतात. त्याच पैशात ‘दोन तालुक्यांत घरातला कर्ता गेल्यावर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव चढायला काय आडवं येतं’ हा प्रश्न नेमका आहे, मोजता येतो आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत नाही असा आहे.

वेळापत्रक हे प्रस्तावातलं सगळ्यात दुर्लक्षित पान. करार जुलैत झाला म्हणून सर्वेक्षण ऑगस्टमध्ये, असं पुण्यात बसून लिहिता येतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पूर्वेकडे जुलैत रोवणी, नोव्हेंबरात धानाची कापणी. पश्चिमेकडे ऑक्टोबरात सोयाबीन, मग थंडीभर कापसाची वेचणी. दिवसा घरी फक्त म्हातारी माणसं भेटतात. जानेवारीनंतर चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. मेळघाटातले कोरकू स्थलांतरातून होळीला गावी येतात, तेव्हा सगळं घर एकत्र सापडतं, पण सणात प्रश्नावली काढणं शोभत नाही. होळीनंतरचा आठवडा बरा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, आणि ऊन ४५ अंशांवर. म्हणजे गावागणिक वर्षात सहा-सात आठवड्यांचीच फट मिळते. ती आधी शोधावी आणि हप्त्यांच्या तारखा तिच्यावरून मागाव्यात.

अंदाजपत्रकाचा हिशेब उदाहरणाने दाखवतो. आठ गावं, ३२० घरं, चार सर्वेक्षक. पाऊण ते एक तासाची प्रश्नावली असेल तर एक सर्वेक्षक दिवसाला चार घरं नीट करतो. सहा-सात म्हणणारा ओट्यावर बसून फॉर्म भरतो. चौघांची सोळा घरं, म्हणजे वीस दिवस. घर बंद, माणूस शेतात, म्हणून वीस टक्के वाढीव धरले की चोवीस. चौघांचे ९६ मनुष्यदिवस, ८०० रुपये रोज धरला तर ७६,८०० रुपये. याच्या अलीकडे तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि नमुन्याबाहेरच्या एका गावात चाचणी. पलीकडे दहा टक्के, म्हणजे ३२ घरांची, फेरतपासणी. फेरतपासणीचा खर्च आपल्याकडचे प्रस्ताव हमखास विसरतात, आणि परीक्षक नेमका तिथे पाहतो. प्रवासाला नुसतं एसटीचं भाडं धरू नये. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते आणि पहाटे निघते, तिच्यावर दिवसाचं काम बसत नाही. गावात राहायचं तर ज्या घरी जेवण होतं त्यांना पैसे द्यायचे, तो शीर्षही हवा.

सविस्तर मुलाखतींचं लिप्यंतर असंच फसवं. एक तासाच्या मराठी मुलाखतीला पाच-सहा तास लागतात. अशा २४ मुलाखती म्हणजे साधारण १४४ तास, रोज सहा तास बसलं तर २४ दिवस. माडिया, कोलामी किंवा कोरकूत बोलणं झालं असेल तर ती भाषा बोलणाऱ्याने आधी मराठीत सांगायचं आणि मग दुसऱ्याने लिहायचं; दुप्पट वेळ धरा आणि त्या सांगणाऱ्याचं मानधन लिहा. मोबाइलवर माहिती भरायला कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके वापरता येतं. दोन्ही नेटवर्क नसताना चालतात आणि देवनागरी दाखवतात. एक विनंती मात्र आवर्जून. अंदाजपत्रकात संगणक कक्ष, एसी, प्राचार्यांच्या दालनाचं फर्निचर घुसवू नका. हे खरोखर घडतं, आणि त्या एका ओळीमुळे बाकीचा चांगला प्रस्ताव संशयात येतो.

नैतिक मान्यतेशिवाय आता बरीच प्रतिष्ठानं पुढे जात नाहीत, आणि ग्रामीण महाविद्यालयांत नैतिकता समिती अपवादानेच असते. ऐनवेळी प्राचार्य, दोन विभागप्रमुख आणि ग्रंथपाल यांची समिती कागदावर उभी राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सदस्य सात ते पंधरा, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि कोरम किमान पाच असं सांगितलं आहे. त्यात सामाजिक व वर्तनविषयक संशोधनावरही भाग आहे. एका महाविद्यालयाला हे जमणार नाही, जिल्ह्याला मिळून सहज जमेल. समितीने काय पाहावं? आत्महत्या झालेल्या घरी प्रश्न कोण विचारणार, मुलाखत मध्येच थांबवायची मुभा दिली आहे का, आणि माणूस कोसळला तर पुढे काय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य साहाय्यवाणीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सर्वेक्षकाकडे असावा. सहीच्या जागी अंगठा मागितला की गडचिरोलीच्या आतल्या गावांत लोक बिचकतात, तिथे साक्षीदारासमोर तोंडी संमती नोंदवायची सोय ठेवावी.

गावाची परवानगी हा वेगळा विषय. पेसा क्षेत्रात (आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) ग्रामसभेपुढे विषय मांडून ठराव घ्यावा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटाची रीत घातली, तिथे बाहेरच्याने येऊन माहिती घेऊन जाणं चालत नाही. इतर ग्रामसभाही आता विचारू लागल्या आहेत की अहवाल आम्हाला कधी वाचून दाखवणार. त्या फेरीचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात हवा. आश्रमशाळेत जायचं तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांचं, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाचं. परवानगी हाती नसेल तर निदान अर्जाचा आवक क्रमांक जोडा.

पैसा आल्यानंतरची अडचण साधी आणि जीवघेणी. स्वतंत्र बचत खातं उघडा. त्यावरचं व्याजही अनुदानाचाच भाग असतं. प्राचार्य निवृत्त झाले की सहीचा बदल बँकेत अडकतो आणि तेवढे दिवस सर्वेक्षक बिनपगारी बसतात, म्हणून तिसरी सही आधीच नोंदवा. मानधन खात्यावर द्या. रोखीचं असेल तर ५,००० रुपयांवर पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट. खेड्यातल्या जेवणाचं जीएसटी बिल मिळत नाही, तिथे नाव, गाव, तारीख, कारण लिहिलेली हातपावती चालते, मात्र ते करारात लिहून घ्या. उपयोगिता प्रमाणपत्रावर सीएंचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असू द्या. दाता तो ऑनलाइन तपासतो. शेवटचा हप्ता बहुधा हिशेब दिल्यावर येतो. सहा लाखांच्या अनुदानात वीस टक्के मागे ठेवले तर एक लाख वीस हजार आधी संस्थेने घालायचे असतात. संस्थेकडे दीड लाखाचा फिरता निधी ठरावाने ठेवलेला असेल तर हे निभतं. नाहीतर प्राध्यापक स्वतःच्या पगारातून घालतो आणि पुन्हा कधी अर्ज करत नाही.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांबद्दल आपली भूमिका स्पष्ट हवी. गावाशी नातं असलेले, बोली जाणणारे, नेट-सेट झालेले बरेच जण आज तेच आहेत. कायम नसल्याने त्यांना मुख्य संशोधक होता येत नाही आणि काम मात्र तेच करतात. त्यांना सहसंशोधक म्हणून लेखी आदेश द्या, मानधनाचा शीर्ष त्यांच्या नावाने टाका आणि अहवालावर नाव छापा. पुढच्या सत्रात त्यांची नेमणूक झाली नाही तरी प्रकल्पापुरता आदेश टिकेल, असं त्यात लिहा.

विद्यापीठांच्या संशोधन विभागांकडे मागण्या तीनच. जिल्हावार एक सामाईक नैतिकता समिती, तिच्या बैठकीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर. एफसीआरए आणि न्यासाचे हिशेब जाणणाऱ्या सीएंचं पॅनेल, ज्यांचं मत महाविद्यालयाला ठरलेल्या शुल्कात मिळेल. आणि मराठीत लिहिलेला प्रस्ताव इंग्रजीत नेऊन देणारे दोन-तीन जाणते संपादक. विषय समजलेला माणूस इंग्रजीपायी मागे राहतो आणि इंग्रजी असलेला माणूस विषय नसताना पुढे जातो, हे दोन्ही आम्ही पाहतो.

संस्थाचालकांनी या आठवड्यात धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-एकचा ताजा उतारा मागवावा आणि १२एची मुदत तपासावी. विद्यापीठाने समितीची पहिली बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी घेतली, तर धानाची कापणी उरकल्यावर आणि माणसं मिरचीला निघण्याआधी जे चार-पाच आठवडे पूर्व विदर्भात मिळतात, ते यंदा हाती लागतील.

आपले,
ग्रामीण विदर्भात सामाजिक संशोधनाचे प्रस्ताव आणि हिशेब पाहणारे काही जण